नवी कॅमरी हायब्रिड: रूप आणि रक्कम यांचा मेळ बसतो का?

गोदाकाठ:

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. बारा वर्षे वापरलेली डिझेल सेडान आता बदलायला आली असून तिच्या जागी टोयोटाची नवी कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर दोन्हींवर चालणारी) घ्यावी की घेऊ नये, यावर घरात तीन महिने चर्चा चालू आहे. आता ती चर्चा राहिली नसून दोन पक्ष झाले आहेत, म्हणून येथे विचारतो.

माझा वापर असा आहे: महिन्यातून दोनदा मुंबई, वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूर आणि उरलेले दिवस शहरात. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट जवळजवळ सुटला आहे, त्यामुळे मुंबईचा प्रवास बहुतांशी एका वेगात होतो. वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. उंच एसयूव्हीत चढताना त्यांना दोन माणसांचा आधार लागतो, म्हणून सगळे जग एसयूव्ही घेत असताना आम्ही सेडानवर आलो.

ही पिढी भारतात 11 डिसेंबर 2024 रोजी 48 लाख रुपये शोरूम किमतीला आली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलल्यावर किंमत साधारण लाखभराने उतरली, तरी रस्ताकर आणि विमा धरून ती आमच्याकडे 55 ते 56 लाखांत जाते. एवढी रक्कम मी आयुष्यात एकदाच गाडीवर घालणार आहे.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली रूपाविषयीची. बाजूने पाहिली तर गाडी लांबसडक आणि डौलदार दिसते, परंतु समोर उभे राहिले की खालची ती प्रचंड जाळी आणि वरची मिटलेल्या ओठांसारखी पट्टी पाहून मन खट्टू होते. धाकटी मुलगी म्हणते की दुबईत ही गाडी टॅक्सी म्हणून धावते. (ते खरे आहे, मी स्वतः तिच्यात बसलो आहे.) दुसरी शंका किमतीविषयीची. आणखी काही लाख घातले तर बॉनेटवर तारा असलेली जर्मन मर्सिडीज सी-क्लास येते, आणि तीही हायब्रिड आहे असे विक्रेता सांगतो. मग कॅमरीला पन्नास लाखांच्या घरातली किंमत देण्यासारखे तिच्यात नेमके काय आहे? ज्यांनी ती वापरली आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रेषावेध:

गोदाकाठ, मी औद्योगिक रचनाकार आहे. मोटारींच्या क्षेत्रात काम करत नाही, परंतु आकारमान आणि प्रमाण हा माझा रोजचा विषय असल्यामुळे आपल्या पहिल्या शंकेवर लिहितो.

आपल्याला खटकते ती जाळी, परंतु मला वाटते की दोष तिच्या मागे आहे. आलिशान मोटार ओळखताना आपली नजर नकळत एक अंतर मोजत असते, ते म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या दाराच्या कडेपर्यंतचे. मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत इंजिन उभे बसते, त्यामुळे पुढचे चाक नाकाकडे सरकते आणि हे अंतर वाढते. पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीत इंजिन आडवे बसते, चाक दाराजवळ येते आणि नाक चाकाच्या पुढे लोंबते. आकडे पाहा. कॅमरीची लांबी 4920 मिलिमीटर आणि दोन आसांमधले अंतर 2825 मिलिमीटर आहे. सी-क्लासची लांबी 4751 आणि आसांमधले अंतर 2865 आहे. म्हणजे कॅमरी जवळजवळ सतरा सेंटिमीटर लांब असूनही तिच्या चाकांमध्ये अंतर कमी आहे आणि चाकांच्या बाहेरचा भाग वीस सेंटिमीटरहून अधिक आहे. जर्मन गाडी उभी असतानाही ताणलेल्या धनुष्यासारखी का वाटते आणि कॅमरी कितीही रेषा ओढल्या तरी कुटुंबवत्सल का दिसते, याचे बरेचसे उत्तर या चार आकड्यांत आहे. त्याच कारणामुळे कॅमरीत मागच्या सीटवर पाय पसरून बसता येते, हे मात्र विसरू नये. जी मांडणी बाहेरून रुबाब काढून घेते, तीच आत जागा देते.

आता नाकाविषयी. ही नववी पिढी नोव्हेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिस येथे दाखवली गेली. तिचा मूळ सांगाडा आणि आसांमधले अंतर आधीच्या पिढीचेच आहे, त्यामुळे रचनाकारांना मोकळीक मिळाली ती प्रामुख्याने दोन्ही टोकांना. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे ते दिवे त्यांनी टोयोटाच्याच 2022 च्या प्रियस या गाडीवरून घेतले. त्या चेहऱ्याला कंपनी हातोडी माशाची, म्हणजे हॅमरहेड शार्कची उपमा देते. प्रियसवर तो चेहरा फार सुंदर बसतो, कारण तिची समोरची काच आणि बॉनेट जवळजवळ एकाच उतारावर आहेत आणि सगळी गाडी त्या नाकाकडे निमुळती होत जाते. कॅमरीचे बॉनेट सपाट आणि रुंद आहे. त्यावर तोच चेहरा लावल्यावर खाली जी मोकळी जागा उरली, ती जाळीने भरून काढावी लागली. आपल्याला जे मिटलेले ओठ वाटतात, ती माझ्या मते याच तडजोडीची खूण आहे.

तरीही मी ही गाडी कुरूप म्हणणार नाही. मागून ती मला या वर्गातली सर्वांत नेटकी वाटते. डिकीची कड हलकी उचललेली आहे, दिव्यांचा आकार पुढच्या दिव्यांशी जुळतो आणि कोठेही खोटी धुराडी लावलेली दिसत नाहीत. आत तर मला ती अधिक पटली. मध्ये 12.3 इंची पडदा असला तरी वातानुकूलनासाठी खरी बटणे ठेवली आहेत. आपल्या वयाच्या माणसाला (वय गृहीत धरल्याबद्दल क्षमस्व) चालत्या गाडीत चष्मा शोधून पडद्यावर बोट फिरवावे लागत नाही, यालाही मी सौंदर्यच म्हणतो.

एक व्यावहारिक सूचना करतो. शोरूमच्या दिव्यांखाली ही गाडी पाहू नका. काळ्या रंगात ती जाळी नाकात विरघळून जाते आणि चेहरा बरा दिसतो, पण काळा रंग नाशिकच्या धुळीत दोन दिवसही टिकणार नाही. पांढऱ्या रंगात जाळी आणि पत्रा यांचा विरोध सर्वाधिक दिसतो. गडद निळा किंवा करडा रंग संध्याकाळच्या उजेडात पाहावा आणि मग ठरवावे.

सातासमुद्रापार:

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्या गल्लीत सध्या चार कॅमरी उभ्या आहेत, त्यामुळे येथे तिला कोणी आलिशान म्हणत नाही. केंटकीतील जॉर्जटाऊनच्या कारखान्यात ती बनते, 2024 मध्ये अमेरिकेत तीन लाखांहून अधिक विकली गेली आणि नवी पिढी येथे फक्त हायब्रिड स्वरूपातच मिळते. ती बाजारात आली तेव्हा सर्वांत साध्या प्रकाराची किंमत 28,400 डॉलर होती. शिक्षक, परिचारिका, निवृत्त गृहस्थ असे लोक ती घेतात आणि पंधरा वर्षे चालवतात.

परंतु डॉलरला रुपयाने गुणून हळहळू नका. आपल्याकडे जो एक प्रकार विकला जातो त्यात हवा खेळवणाऱ्या पुढच्या सीट आणि विजेवर पाठ कलवता येणारी मागची सीट आहे. येथे त्या साध्या प्रकारात यातले काहीच नसते, म्हणून तुलना करायचीच तर वरच्या प्रकाराशी करावी. दुसरे म्हणजे ॲव्हरेजचा आकडा. भारतात 25.49 किलोमीटर प्रतिलिटर असे प्रमाणपत्र मिळालेली हीच गाडी येथील सरकारी चाचणीत, तेही लहान चाकांच्या साध्या प्रकारात, 51 मैल प्रतिगॅलन देते. म्हणजे लिटरला साधारण पावणेबावीस किलोमीटर. आपल्याकडे 18 इंची चाके आहेत, तेव्हा हिशेब त्याहूनही खाली धरावा.

सिंहगडरोड:

माझ्याकडे आधीच्या पिढीची 2019 ची कॅमरी हायब्रिड आहे. पुण्यात सहा वर्षांत 92 हजार किलोमीटर झाले. नवी गाडी मी दोनदा चालवून पाहिली आहे, म्हणून अनुभव आणि तुलना दोन्ही लिहितो.

प्रथम विक्रेत्याने सांगितलेल्या "तीही हायब्रिड आहे" या वाक्याविषयी. सी-क्लासमध्ये 48 व्होल्टची लहान मोटर इंजिनाला हातभार लावते. तिला माइल्ड हायब्रिड म्हणतात, आणि ती गाडी केवळ विजेवर शहरात फिरत नाही. कॅमरी ही स्ट्राँग हायब्रिड आहे. अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटरी ग्रहमालेसारख्या दंतचक्रांनी एकमेकांना जोडलेल्या आहेत. एक मोटर मुख्यत्वे वीज बनवते आणि इंजिन चालू करते, दुसरी चाके फिरवते, आणि कोणाचा किती वाटा घ्यायचा हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. नव्या गाडीत दोघांची मिळून 230 अश्वशक्ती होते. या मांडणीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही आणि नेहमीचा गिअरबॉक्सही नाही. जे नाही ते बिघडत नाही, हे या तंत्राच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण आहे. ब्रेक दाबल्यावर बराचसा वेग मोटर विजेत बदलते, त्यामुळे माझे पहिले ब्रेक पॅड 92 हजारांनंतरही चालू आहेत.

माझे ॲव्हरेज पुणे शहरात 16 ते 17 आणि महामार्गावर 18 ते 19 येते. शहर आणि महामार्ग यांत एवढाच फरक पडतो, हीच हायब्रिडची ओळख आहे. विद्यापीठ चौकात वीस मिनिटे अडकलो तरी इंजिन बहुतेक वेळ बंद असते आणि गाडीत शांतता असते. ही शांतता हेच मी कॅमरीचे खरे ऐश्वर्य मानतो. गोदाकाठ, आपल्या समृद्धीच्या प्रवासात मात्र तिचा लाभ कमी होईल, कारण ताशी 120 किलोमीटरच्या स्थिर वेगात काम मुख्यतः इंजिनच करते.

इंधनाच्या बचतीसाठी ही गाडी घेऊ नका. वर्षाला 12 हजार किलोमीटर धरा. लिटरला 17 देणारी कॅमरी सुमारे 706 लिटर पिते आणि लिटरला 11 देणारी त्याच आकाराची पेट्रोल गाडी सुमारे 1091 लिटर. फरक 385 लिटर, म्हणजे वर्षाला चाळीस हजार रुपये. पन्नास लाखांच्या गाडीत हा आकडा विम्याच्या हप्त्याचाही नाही.

घाटात काय होते तेही सांगतो. चढावर जोर दिला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि वेग मागाहून येतो. गिअर बदलण्याचा ताल ज्यांच्या कानांत बसला आहे त्यांना हे विचित्र वाटते. उतारावर बॅटरी लवकर भरते, कारण ती जेमतेम एक-दीड युनिटांची असते, आणि त्यानंतर गाडी इंजिनाच्या आधाराने रोखावी लागते. नव्या गाडीत लिथियम-आयन बॅटरी आहे आणि हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी आहे. ती मागच्या सीटखाली असते आणि गाडीतलीच थंड हवा तिला लागते, म्हणून सीटजवळची ती हवेची जाळी उशी किंवा पिशवी टेकवून कधीही झाकू नये, आणि तिचे फिल्टर दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावे. कोणत्याही हायब्रिडला मोठ्या बॅटरीखेरीज नेहमीची 12 व्होल्टची बॅटरीही असते आणि गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली तर तीच उतरते. परगावी जाताना घरच्यांना किल्ली देऊन आठवड्याला अर्धा तास गाडी चालू ठेवायला सांगावे.

आता वडिलांविषयी. सेडानमध्ये चढणे सोपे, हे अर्धेच खरे आहे. खाली बसणे सोपे जाते. उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. माझ्या सासऱ्यांचा अनुभव असा आहे की मांडीच्या उंचीला असलेली सीट सर्वांत सोयीची, आणि ती ना सेडानमध्ये असते ना मोठ्या एसयूव्हीत. वडिलांना सोबत न नेता पैसे भरू नका. मागच्या सीटवर पाच वेळा बसवा आणि पाच वेळा उठवा.

जमाखर्च:

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून फक्त रकमेवर लिहितो.

शोरूम किंमत साडेसत्तेचाळीस लाख धरू. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी या गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि 15 टक्के उपकर, असे मिळून 43 टक्के होते. आता सरसकट 40 टक्के आहेत. म्हणजे मूळ किंमत साधारण 34 लाख आणि जीएसटी साडेतेरा लाख. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला व्यक्तीच्या नावे 13 टक्के रस्ताकर, म्हणजे आणखी सव्वासहा लाखांच्या आतबाहेर. एकंदर वीस लाखांच्या जवळपास कर आहे. 2017 च्या जुलैपूर्वी हायब्रिड मोटारींवरचा कराचा भार सुमारे 30 टक्के होता. जीएसटी आल्यावर तो 43 वर गेला. विजेवरच्या गाडीवर मात्र 5 टक्के जीएसटी आहे, शिवाय आपल्या राज्यात तिला समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ आहे. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. महाराष्ट्राने हायब्रिडला असे काही दिलेले नाही. तेव्हा "पन्नास लाखांची गाडी" म्हणताना यंत्राची किंमत आणि सरकारचा वाटा वेगळे करून पाहावे. सी-क्लासलाही जीएसटी तोच आहे, म्हणून दोन गाड्यांच्या तुलनेत तो मुद्दा गळून पडतो.

आपला कारखाना प्रोप्रायटरी असेल तर गाडी स्वतःच्या नावे घ्यावी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावे नोंदवली तर रस्ताकर 20 टक्के होतो, म्हणजे तीन लाखांहून अधिक फरक. व्यवसायासाठी वापर असेल तर प्रोप्रायटरला स्वतःच्या नावावरच्या गाडीचा घसारा (गाडीची किंमत घटते त्यापोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) वर्षाला 15 टक्के घटत्या शिलकेवर मिळतोच, फक्त खासगी वापराचा भाग वगळावा लागतो. आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर खरेदी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मोटारीवरच्या जीएसटीची वजावट मात्र जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मुळे मिळत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आगाऊ प्राप्तिकर) घेतो. ते आपलेच पैसे आहेत, विवरणपत्रात वळते करून घ्यावेत. माझ्या कितीतरी अशिलांनी ते वर्षानुवर्षे सोडून दिलेले मी पाहिले आहे.

राहिला प्रश्न मोलाचा. चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्या माणसाला मी कॅमरी सुचवणार नाही, कारण पहिल्या वर्षांतली घट मोठी असते आणि आपल्याकडे जुनी मोठी सेडान घेणारा गिऱ्हाईक-वर्ग लहान आहे. आपण मागची गाडी बारा वर्षे वापरली आहे. दहा वर्षांवर भागले तर हमी संपल्यानंतरचा काळ निर्णायक ठरतो आणि तेथे दुरुस्तीचा खर्च कमी असणारी गाडी जिंकते. बॉनेटवरच्या ताऱ्याची किंमत आपण खरेदीच्या दिवशी मोजतो, परंतु त्याच्या सुट्या भागांची बिले आठव्या वर्षी येतात.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे उत्तर देता आले नाही, कारण सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहत होतो.

वडिलांना घेऊन गेलो. बसणे विनासायास झाले. उठताना पहिल्या दोन वेळा हात द्यावा लागला. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली: आधी दोन्ही पाय बाहेर, मग एक हात दाराच्या वरच्या कडेला आणि दुसरा पुढच्या सीटच्या पाठीला. पाचव्या वेळी ते एकटे उठले आणि विक्रेत्याला म्हणाले, "दार मात्र असेच उघडे राहिले पाहिजे." दार ढकलले जाऊ नये यासाठी कोणीतरी धरून उभे राहावे लागेल, हे मान्य केले. सी-क्लासमध्ये मागच्या दाराची चौकट अरुंद असल्यामुळे त्यांचा शस्त्रक्रियेचा पाय वळला नाही, आणि तो विषय तेथेच मिटला.

रेषावेध, आपण सांगितलेले ते अंतर मी आता दिसेल त्या गाडीत मोजतो. घरचे वैतागले आहेत. संध्याकाळी बाहेर उभी केलेली गडद निळी गाडी पाहिली. जाळी अजूनही मोठीच आहे, पण ती पूर्वीसारखी अंगावर येत नाही. मुलीने ती मागून पाहिली आणि टॅक्सीचा शब्द काढला नाही, एवढे पुरे.

जमाखर्च, कारखाना प्रोप्रायटरीच आहे, त्यामुळे नोंदणी माझ्या नावे करतो. विक्रेत्याने कोटेशनमध्ये चटया, पत्र्यावरचा लेप आणि काचेची फिल्म मिळून लाखभराचे साहित्य परस्पर घातले होते. ते काढून नवे कोटेशन मागवले आहे. मागच्या सीटजवळची हवेची जाळी नेमकी कोठे आहे ते दाखवा असे म्हटल्यावर तिथल्या मुलाला ती शोधायला पाच मिनिटे लागली. सिंहगडरोड, आपल्या गाडीत ती उजवीकडे आहे की डावीकडे, आणि तिचे फिल्टर घरी काढून साफ करता येते का, एवढे कृपया लिहावे.